गुळगुळीत कागद

जून उजाडला की वणीच्या पेठेत एका दुकानात बियाण्यांच्या पिशव्या आणि शेजारच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे, अशी दोन्ही पेरण्यांची गर्दी एकदमच व्हायची. घरी चुलीवर खळ शिजायची. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. वह्यांना कव्हरं घालायचा तो दिवस. खाकी कागद विकत आणावा लागे, म्हणून तो मोठ्या भावाच्या वाट्याला जायचा. वर्तमानपत्र फुकट, पण त्याची शाई हाताला लागायची आणि श्रावण संपायच्या आत कोपरे फाटायचे. या दोहोंच्या मधे एक तिसरा कागद होता. जाडसर, गुळगुळीत, पावसाचे चार थेंब पडले तर ओघळून जातील असा. त्यावर रंगीत चित्रं. लाल गालांच्या बायका, ट्रॅक्टर, धरणाच्या भिंती, बर्फातून जाणारी आगगाडी, गळ्यात लाल रुमाल बांधलेली मुलं. आम्ही त्याला नुसतं ‘रशियाचा कागद’ म्हणायचो.

तो यायचा ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाच्या जुन्या अंकांतून. दिल्लीच्या सोव्हिएत वकिलातीचं हे प्रकाशन इंग्रजीबरोबर मराठीतही निघायचं आणि वर्गणी इतकी किरकोळ, की विचारधारेशी काडीचा संबंध नसलेली माणसंही ती भरायची. एखादे मास्तर, पोस्टातले कुणी, एखादे डॉक्टर. वर्गणीदाराला नव्या वर्षाचं कॅलेंडर मिळायचं, ते भिंतीवर चढायचं. अंक वाचणारे थोडे. जुने अंक मागायला येणारे जास्त. हिंदीतली ‘सोवियत नारी’ मिळाली तर मुलींची चैन.

एका वर्षी माझ्या गणिताच्या वहीवर गव्हाच्या कापणीचं चित्र आलं. क्षितिजापर्यंत पिवळा गहू, मधे लाल यंत्र, त्यावर डोक्याला रुमाल बांधलेली हसरी बाई. आजीनं वही हातात घेतली. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे चित्राखालचा मजकूर तिला आड आला नाही. बराच वेळ बघून म्हणाली, “गहू ब्येस हाये. पण येवढ्या वावरात एक तण नाही? फोटू काढायच्या आधी निंदून घेतलं आसंल.” मग पुन्हा एकदा निरखून, “आन् बाईच्या रुमालाची घडीबी मोडलेली नाही.”

सोव्हिएत माणसाच्या रोजच्या जगण्याबद्दल मी पुढे जे काही वाचलं, त्यात आजीच्या या दोन वाक्यांची आठवण सारखी होत राहिली. म्हणून या कागदाचा माग काढायचं ठरवलं.

या कागदाचा आपल्याकडचा पहिला पूर्वज गुळगुळीत मुळीच नव्हता, आणि त्याची एक शाखा आपल्याच नाशिक जिल्ह्यातली निघते. निफाड तालुक्यातल्या करंजगावात १८९९ साली जन्मलेल्या श्रीपाद अमृत डांग्यांनी १९२१ मध्ये मुंबईत ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका काढली आणि पुढच्या वर्षी ‘सोशॅलिस्ट’ नावाचं साप्ताहिक. तेव्हा रशियातून किंवा रशियाबद्दल येणारा छापील मजकूर बंदरावर कस्टमवाले अडवत. जे सुटायचं ते खलाशांच्या बोचक्यांतून, वेगळ्याच नावाच्या पाकिटांतून. १९२४ च्या कानपूर खटल्यात डांग्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९२९ साली सुरू झालेल्या मीरत खटल्यात पुस्तकं, पत्रकं आणि पत्रं यांचे ढीगच्या ढीग पुरावा म्हणून मांडले गेले. रशियाचा कागद घरात सापडणं हीच तेव्हा धास्तीची गोष्ट होती. त्याच कागदाला पन्नास वर्षांनी पोरं खळ लावत होती, हे डांग्यांनी बघितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं की राग, सांगता येत नाही.

दुसरा पूर्वज मॉस्कोचा. तिथं १९३० साली मक्सीम गॉर्कीच्या पुढाकारानं एक सचित्र मासिक निघालं. ‘बांधणीतला सोव्हिएत संघ’ असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. रशियनबरोबर इंग्रजी, जर्मन, फ्रेंच भाषांत ते निघे. म्हणजे मांडवाच्या बाहेरच्या माणसांनी बघावं म्हणूनच ते होतं. एल लिसित्स्की आणि अलेक्झांडर रोडचेन्को यांच्यासारखे त्या काळातले पहिल्या प्रतीचे कलावंत त्याची मांडणी करत. चित्राला चित्र जोडून एक तिसरंच चित्र उभं करण्याची कला त्यांनी या पानांवर अशी काही घोटली, की आजच्या जाहिरातवाल्यांनीही तिथूनच उचललेलं दिसतं. आमच्या वह्यांवरच्या सगळ्या धरणांचं आणि ट्रॅक्टरांचं गोत्र हेच.

या मासिकाचा डिसेंबर १९३३ चा अंक रोडचेन्कोनं केला. विषय होता श्वेत समुद्र ते बाल्टिक कालवा. २२७ किलोमीटर लांबीचा हा कालवा १९३१ ते १९३३ या अवघ्या वीस महिन्यांत खणून झाला. खणणारे कैदी होते, लाखाच्या वर. हातात कुदळ, पहार आणि लाकडी ढकलगाडी. त्यांतले हजारो तिथेच मेले. अंकात कैदी लपवलेले नाहीत, ही त्यातली खरी हुशारी. कैदी दाखवले, आणि काम करता करता ते कसे नवे माणूस होत आहेत हे दाखवलं. अंक देखणा होता. कालवा मात्र इतका उथळ झाला, की मोठी जहाजं त्यातून जाईनात.

हे मासिक निघत होतं त्याच वर्षांत युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लाखो माणसं उपासमारीनं मरत होती. जमिनी सामुदायिक शेतांत, म्हणजे कोल्खोजांत घातल्या गेल्या होत्या. सरकारी धान्यवसुली मात्र ठरल्याप्रमाणेच होत होती, मग घरात दाणा उरो न उरो. ७ ऑगस्ट १९३२ ला एक फर्मान निघालं. सामुदायिक मालमत्तेच्या चोरीला मृत्यूची शिक्षा, आणि गुन्हा सौम्य मानला तर दहा वर्षं कैद. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘कणसांचा कायदा’, कारण कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचणारी माणसंही त्यात अडकली.

आपल्याकडे याला सरवा म्हणतात. काढणी झाली की मागे राहिलेली कणसं, शेंगा, कांद्याची गोळी गोरगरिबांनी वेचून न्यायची. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. जो अडवेल त्याचीच गावात नालस्ती होते. सरवा वेचला म्हणून दहा वर्षं तुरुंगात, हे वाक्य आजीला सांगितलं असतं तर तिनं मला पहिल्यांदा ताप आहे का ते बघितलं असतं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात शहरांतल्या लोकांना अंतर्गत पासपोर्ट देण्याचा निर्णय झाला. कोल्खोजच्या शेतकऱ्याला तो सर्वसाधारणपणे मिळायचा नाही. म्हणजे गाव सोडून शहरात राहायला जायचं तर अध्यक्षाची चिठ्ठी हवी. ही स्थिती थेट १९७४ पर्यंत राहिली. त्या वर्षी सगळ्यांना पासपोर्ट द्यायचं ठरलं आणि वाटप पुढे काही वर्षं चाललं. माझ्या वहीवरच्या त्या यंत्रावरच्या बाईला, चित्र जुनं असेल तर, आपल्या मनानं तालुक्याच्या गावी बिऱ्हाड हलवायची मुभा नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. लाल रंगाचा सगळाच कागद लपवालपवीचा नव्हता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मुंबईहून निघणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’नं सुनील जाना यांनी काढलेले भुकेल्या माणसांचे फोटो छापले. चित्तप्रसाद यांनी रेखाटनांसह लिहिलेलं ‘हंग्री बेंगाल’ इंग्रज सरकारनं जप्त करून जाळलं. साधा, जाडाभरडा वर्तमानपत्री कागद तो. इथल्या कम्युनिस्टांच्या हाती सत्ता नव्हती; त्यांनी भूक दाखवली. तिथल्या कम्युनिस्टांच्या हाती दुसरं काहीच नव्हतं, सगळी सत्ताच होती. त्यांनी तण उपटून फोटो काढला.

स्वातंत्र्यानंतर हा कागद वाजतगाजत आला. मॉस्कोचं ते जुनं सचित्र मासिक महायुद्धात बंद पडलं होतं. १९५० पासून ते ‘सोव्हिएत युनियन’ या नावानं निघू लागलं आणि हळूहळू आपल्याकडच्या हिंदी-उर्दू-बंगालीतही आलं. १९५३ साली भारत-सोव्हिएत व्यापार करार झाला, व्यवहार रुपयांत होऊ लागला. १९५५ च्या हिवाळ्यात ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतभर हिंडून गेले. पुढे भिलाईचं पोलाद आलं, सुरतगडच्या सरकारी शेतावर रशियन यंत्रं आली. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची आणि १९८२ नंतर रादुगाची मराठी पुस्तकं आली. अनिल हवालदार यांच्यासारखे अनुवादक तिथे मॉस्कोत बसून ती मराठीत करत होते. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाच्या मार्फत आणि फिरत्या प्रदर्शनांतून पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाडजूड पुस्तक शेंगदाण्याच्या पुडीच्या भावात मिळे. एका पिढीच्या मराठी मुलांनी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो या पुस्तकांत. त्या पुस्तकांवरच्या प्रेमाला मी खोटं म्हणणार नाही. ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ नावाचा माहितीपट त्यावर निघाला आहे, आणि नाव अगदी नेमकं आहे.

नाशिक जिल्ह्यात तर सोव्हिएत देश चक्क आकाशात दिसायचा. ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना उभा राहिला, रशियन परवान्यानं मिग-२१ बांधायला. त्या वसाहतीला लोक अजूनही ‘ओझर मिग’ म्हणतात. वणीपासून ओझर तासाभराच्या आतलं. शाळेच्या मैदानावर वरून घरघर आली की पोरं वर बघायची, आणि हातातल्या वहीवरही त्याच देशाचं चित्र असायचं. शीतयुद्ध वगैरे शब्द आम्हाला माहीत नव्हते, पण वर्गात त्याची एक लढाई चालायचीच. १९६० पासून अमेरिकेच्या वकिलातीचं ‘स्पॅन’ निघत होतं, त्याचाही कागद गुळगुळीत. कुणाचा मामा नाशिकला असला तर त्याच्या वहीवर ‘स्पॅन’. टिकाऊपणात दोन्ही सारखेच. पण रशियाचा कागद सहज मिळायचा, त्यामुळे आमच्या बाकावर तरी मॉस्कोचा विजय झाला होता.

ज्यांनी तो देश प्रत्यक्ष पाहिला त्यांनी काय पाहिलं? अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. वाटेगावहून चालत मुंबईला आलेला, शाळेच्या उंबऱ्यावरूनच परतलेला, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत लिहिणारा माणूस. त्याला तिथे लेखक म्हणून मान मिळाला. त्यानं तिथले तुरुंग का पाहिले नाहीत, असं त्याला विचारणं मला जमत नाही. पाहुण्याला ओसरीपर्यंतच नेतात. आणि ज्याला स्वतःच्या गावात ओसरीही मिळाली नव्हती, त्याला ती थोडी नव्हती.

ओसरीच्या आत काय होतं ते कळायला पुढची तीस वर्षं गेली. आत, गंमत म्हणजे, कागदाचीच टंचाई होती.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि मग त्या कव्हरांकडे बघायची नजरच बदलली. सोव्हिएत संघात घरात वापरायचा संडासाचा कागद कारखान्यात बनायला लागला १९६९ मध्ये. उपग्रह सोडून बारा वर्षं, माणूस अवकाशात पाठवून आठ वर्षं झाल्यावर. तोवर वर्तमानपत्राचे तुकडे कापून खिळ्याला अडकवलेले असत. स्तालिनच्या काळात ते तुकडे कापताना त्यावर कुणाचा फोटो येतोय ते आधी नीट पाहावं लागे, असं त्या पिढीची माणसं सांगत. पुस्तकांचं तर विचारू नका. पक्षाची पुस्तकं गोदामं भरून, पण वाचावंसं वाटेल ते पुस्तक दुकानात येताच गायब. १९७४ साली सरकारनं एक योजना काढली. वीस किलो रद्दी जमा करा, एक कुपन घ्या, आणि त्या कुपनावर अलेक्झांडर ड्यूमाची कादंबरी विकत घ्या. विकत, फुकट नव्हे. लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रद्दी गोळा करत, पक्षाच्या ग्रंथांचे संच वजनावर घालत आणि ड्यूमा घरी आणत. आपण इथे त्यांची मासिकं फाडून भूमितीच्या वहीला घालत होतो, तेव्हा मॉस्कोतला एखादा कारकून ‘राणी मार्गो’साठी पाठीवर रद्दीची गाठोडी वाहत होता.

चांगलं वाचायचं आणि तेही बंदी असलेलं, तर त्याचा कागद आणखी निराळा. पातळ, पारदर्शक म्हणावा इतका. टाइपरायटरमध्ये कार्बन घालून एका वेळी पाच-सहा प्रती निघाव्यात म्हणून. शेवटच्या प्रतीची अक्षरं जेमतेम दिसायची. एका रात्रीपुरती ती हाती मिळे. घरातलं एक जण पान वाचून दुसऱ्याकडे सरकवी आणि पहाटे ती पुढच्या घरी जाई. याला ते ‘समिज्दात’ म्हणत, म्हणजे स्वतःच प्रकाशित केलेलं. शेजारच्या रुमानियात चाउशेस्कूनं १९८३ मध्ये टाइपरायटरच पोलिसांत नोंदवायला लावले. बंदुकीचा परवाना असतो तसा.

आणि जाड कागदाचीही कथा ऐका. सोव्हिएत महाज्ञानकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या पाचव्या खंडात लाव्हरेन्ती बेरियावर भलाथोरला लेख होता. बेरिया म्हणजे स्तालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. १९५३ च्या अखेरीस त्याला गोळी घातली गेली. वर्गणीदारांना टपालानं चार नवी पानं आली, सोबत सूचना: जुनी पानं कात्रीनं किंवा ब्लेडनं कापून काढावीत, समास राखावा आणि तिथे ही चिकटवावीत. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची सविस्तर माहिती होती. त्या देशातही घरोघर खळ लागायची, एवढंच यावरून दिसलं.

बाकीचं रोजचं जगणं रांगेचं. दुकानात काय येईल ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून प्रत्येकाच्या खिशात जाळीची एक पिशवी असायची. तिचं नाव ‘अव्होस्का’. ‘अव्होस’ म्हणजे ‘नशिबात असलं तर’. अमुक वस्तू ‘विकत घेतली’ असं बोलण्यात यायचं नाही, ‘मिळवली’ म्हणत. लांब रांगेत तळहातावर शाईनं नंबर लिहीत. एका घरात चार-पाच बिऱ्हाडं, एकच स्वयंपाकघर, आणि दारावरची घंटा किती वेळा वाजली त्यावरून पाहुणा कुणाचा ते ओळखायचं. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला यातलं पुष्कळसं ओळखीचं वाटेल. रॉकेलच्या रांगेत आम्हीही डबे मांडून उभे राहिलो आहोत. फरक इतकाच की रांगेत उभं राहून सरकारला शिव्या देण्यात आमचा वेळ छान जायचा.

बायकांचं चित्र खोटं नव्हतं, अपुरं होतं. तिथे डॉक्टरांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, हे खरं. व्हालेंतिना तेरेश्कोवा १९६३ साली अवकाशात गेली, हेही खरं. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं तिच्या चित्राचं कव्हर तीन वर्षं जपून पुन्हापुन्हा नव्या वहीला घातलं. त्या चित्रानं तिच्यात काहीतरी पेरलं असणारच. कारखान्यातून सुटल्यावर हीच बाई अव्होस्का घेऊन दोन तास रांगेत उभी राहते आणि मग घरी जाऊन स्वयंपाक करते, हे चित्र मासिकात यायचं नाही. ते वणीच्या बाईला परकं वाटलं नसतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यांत बोलका आकडा मात्र वेगळाच. कोल्खोजच्या माणसाला घरामागे स्वतःसाठी एक तुकडा ठेवायची मुभा होती. असे सगळे तुकडे मिळून लागवडीच्या जमिनीच्या जेमतेम तीनेक टक्के, आणि देशातल्या शेतमालाचा साधारण चौथा हिस्सा तिथून येई. बटाटे, भाजी, दूध, अंडी. द्राक्षाच्या बागेत पहाटे चार वाजता बॅटरी घेऊन फिरणाऱ्या दिंडोरी तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला तेव्हा देशभर जी धास्ती उठली, ती या कोल्खोजची होती. ठराव कागदावरच राहिला. वीसेक वर्षांनी, नोव्हेंबर १९८० मध्ये, कांदा-उसाच्या भावासाठी शरद जोशींच्या मागे नाशिक जिल्ह्यातला शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर बसला. पिंपळगाव, खेरवाडी ही नावं तेव्हा देशभर झाली. रशियातली कारखानदारी शेतकऱ्याला पिळून उभी राहिली, ही मांडणी जोशी आपल्या शिबिरांतून करत. गुळगुळीत कागदाला जिल्ह्यात पडलेली पहिली मोठी चीर मला वाटतं तीच.

पण वणीला लाल रंग कागदावरूनच माहीत होता, असं मुळीच नाही. पिंपळगाव बसवंतहून सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो. त्या रस्त्यानं पश्चिमेला गेलं की सुरगाणा. एकेकाळचं छोटं संस्थान, आता डोंगर, नागली, भात आणि कामासाठी खाली उतरणारी माणसं. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आली की सुरगाणा-पेठची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं दिंडोरीच्या बागांत येतात. त्यांच्या पाड्यांवर गेली कित्येक दशकं लाल बावटा आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी जी किसान सभा रुजवली, तिचंच हे वाण. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे ती हकिगत मराठी वाचकाला ठाऊक आहे. इकडे त्याच लाल बावट्याचे जिवा पांडू गावित १९७८ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण सात वेळा निवडून आले. सात वेळा निवडून येण्यासाठी मधे पडावंही लागतं. मॉस्कोतल्या कुठल्या नेत्यावर ती वेळ आली नाही.

६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेला याच किसान सभेचा मोर्चा १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचला. सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीचे दावे २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार नावावर करा, ही मुख्य मागणी. दहावीची परीक्षा चालू होती, मुलांना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा ती माणसं रात्रीतून चालली. सकाळी मुंबईकरांनी सोललेल्या टाचांचे फोटो पाहिले. वर्तमानपत्रांत, फोनवर, सगळीकडे. त्या फोटोंतलं तण कुणी उपटलेलं नव्हतं. बावटा तोच, विळाही तोच, हातोडाही तोच. त्या माणसांची मागणी काय होती? सात-बारावर आपलं नाव लागावं. कोल्खोजच्या विरुद्ध टोकाची. यातला विरोधाभास पुस्तकी माणसाला बोचतो, पाड्यावरच्या माणसाला नाही. त्याच्यासाठी तो बावटा म्हणजे वनखात्याच्या शिपायासमोर खाली न बसायचं कारण.

कागदाचा शेवट झाला तो आतूनच. अमेरिकेत निघणाऱ्या ‘सोव्हिएत लाइफ’च्या फेब्रुवारी १९८६ च्या अंकात चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राचं आणि तिथल्या सुखी वसाहतीचं वर्णन सचित्र आलं होतं. २६ एप्रिलला ते केंद्र फुटलं. पुढे गोर्बाचेव्हच्या काळात सोव्हिएत मासिकंच खरं बोलू लागली, आणि मग जे झालं ते कुणा विनोदी लेखकालाही सुचलं नसतं. ‘स्पुत्निक’ हे सोव्हिएत मासिक १९८८ च्या नोव्हेंबरात पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारनं बंद केलं. वर्षभरात बर्लिनची भिंत पडली. १९९१ च्या डिसेंबरात देशच उरला नाही, मग त्याच्या नावाचं मासिक कुठून उरणार. आमच्याकडे पोस्टमननं ते आणणं कधी थांबवलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तोवर दुकानात प्लॅस्टिकची तयार कव्हरं आली होती. मिग-२१ सुद्धा २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्त झालं.

वणीत कागदाची मागणी अजून आहे, फक्त महिना बदलला. डिसेंबर-जानेवारीत थंडी वाढली की द्राक्षाचे पांढरे मणी गुलाबी पडतात. पिंक बेरी म्हणतात त्याला, आणि तो माल निर्यातीत चालत नाही. म्हणून घड न् घड कागदात गुंडाळतात. त्या दिवसांत रद्दीचा भाव चढतो, पुण्या-मुंबईची रद्दी ट्रकनं येते. कागद लावायला सुरगाण्याच्या बाया असतात. त्यांचे हात इतके चालतात, की काय गुंडाळलं ते बघायला सवड नसते. गेल्या हंगामात एका ओळखीच्या बागेत गेलो होतो. वेलीखाली वाकून बघितलं तर ओळीनं लटकलेल्या पुड्यांवर मंत्री, नट्या, शेअरबाजार, निधनवार्ता. एका घडावर पानभर सरकारी जाहिरात आली होती. हिरवंगार शेत, मधे हसरा शेतकरी, धुवट पांढरं धोतर. मी पुडी जरा वर करून नीट बघितली. वावरात एक तण नव्हतं.

“कागद फाडू नका भाऊ,” पलीकडून बाई म्हणाली. “ह्यो रशियाचा माल हाये.”

तिच्या बोलण्यावर मी दचकलो. मग मालकानं सांगितलं, बागेचा सौदा रशियाला द्राक्षं पाठवणाऱ्या व्यापाऱ्याशी झाला होता. काढणीच्या दिवशी कागद उतरवून बांधावर टाकायचे आणि माल खोक्यांत भरायचा.